लुगड्याची गोधडी, कटपिसाची गोधडी

गोधडी शिवायला शिकायचं मी ठरवलं तेव्हा शिकवणाऱ्या दोघी घरातच होत्या, आणि गोधडीच्या बाबतीत दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं. एरवी या नणंद-भावजयींचं चांगलं जमतं. आई जुन्नरला शिक्षिका होती, निवृत्तीनंतर तिथेच राहते. मामी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या अंगाला. तिची शाळा चौथीपर्यंत झाली, पण सुई हातात आहे ती परकऱ्या वयापासून. ऐकणाऱ्याला वाटेल की जुन्या रीतीची बाजू मामी घेत असेल आणि नव्याची आई. प्रत्यक्षात उलटं आहे. आईला गोधडी जुन्या लुगड्याची, हाताने शिवलेली आणि अंगावर घ्यायचीच हवी. मामीला नवं कापड हवं, शिलाई मशीन हवं, आणि एखादी गोधडी भिंतीवर लागली तर तेही हवं.

हे बोलणं मामीच्या पडवीत, उन्हाळ्याच्या दुपारी झालं. आमच्याकडे गोधड्या शिवायचा हंगाम तोच. रब्बी हातावेगळी झालेली असते, पेरणीला अवकाश असतो, आणि भीमाशंकरच्या बाजूने पाऊस एकदा उतरला की जाड कापड लवकर वाळत नाही. पांघरूण त्याआधी तयार हवं.

वाद कापडावरूनच सुरू झाला.

आई : हिची पहिली गोधडी जुनेराची करू. दुकानातून कापड आणायचं, चौकोन कापायचे आणि जोडायचे, ही काही गोधडी नव्हे. घरातल्या बाईने नेसून नेसून मऊ केलेलं लुगडं हवं.

मामी : ताई, जुनेराची आम्हाला काय हौस नव्हती. दुसरं होतंच काय? वर्षाकाठी दोन लुगडी. मधनं विरलं की दंड घालायचा, आणि दंडाचं लुगडं फाटलं की ते गोधडीला. तवा फार वाटायचं, एकदा तरी कोऱ्या कापडाची, आपल्या मनाच्या रंगाची गोधडी शिवावी. आता बाजारात किलोवर कटपीस मिळतात. हिरवा पाहिजे तर हिरवा उचलायचा, पिवळा पाहिजे तर पिवळा. एवढं करायला मला साठी गाठावी लागली.

आई : रंग तेव्हाही निवडलेच जायचे की, वहिनी. आईची ती गोधडी बघा. चारी कडांना हिरव्या लुगड्याचे काठ, मध्ये दादाच्या शर्टांचे पट्टे, एक उभा, एक आडवा. आईने काय न बघता लावले ते?

मामी : ती सासूबाईंची नाय, मी शिवलेली. त्यांना दिसत नव्हतं नीट, म्हणून त्या जवळ बसून सांगायच्या. पट्टे मी लावले.

आमच्या घरात ती गोधडी इतकी वर्षं ‘आजीची गोधडी’ म्हणूनच ओळखली जाते. आई क्षणभर थांबली, पण बाजू सोडली नाही.

आई : कुणी का शिवेना, कापड घरातलं होतं. कापडाची निवड ही या तालुक्यात साधी गोष्ट नाही, हे मी पोरांना शिकवत आले. बाबू गेनू इथलाच, महाळुंगे पडवळचा. गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. तुमच्या या धरणाच्या पाण्याला त्याचंच नाव आहे.

मामी : ते खरंच. पण तो परदेशी कापडाला आडवा झाला, कोऱ्या कापडाला नाय. तुमचे दादा गिरणीत होते तवा मांजरपाट आणायचे, सवलतीत मिळायचा. अस्तराला त्याच्यासारखं दुसरं काय नाय. ब्याऐंशीचा संप झाला, ते गावी आले, आणि मांजरपाट यायचा बंद झाला. मग काय, नायलॉनच्या साड्या.

हा संदर्भ मला महत्त्वाचा वाटतो. जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसं मुंबईत गिरणीत होती, माथाडी कामात होती, डबे पोचवत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर जे मोडलं त्याचा हिशेब सहसा पगारात आणि चाळींत केला जातो. गावाकडच्या अंथरुणापर्यंत तो क्वचितच पोचतो. सुती लुगडं मागे पडत होतंच. सत्तरच्या दशकापासून नायलॉन आणि टेरिकॉट, पुढे पॉलिएस्टर घरोघर आलं. ही साडी विरत नाही, म्हणून ती गोधडीपर्यंत पोचायलाच उशीर होतो. पोचली तरी सुईखालून सरकते, घाम शोषत नाही, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर सुतासारखी नुसती करपत नाही, वितळून अंगाला चिकटते. आईच्या जुनेराच्या आग्रहाला आज ही अडचण आहे. घरात साठलेल्या जुन्या साड्यांपैकी बऱ्याच गोधडीला योग्यच नसतात. मामी मात्र नायलॉनलाही पुरतं नाकारत नाही. पावसाळ्यात त्या गोधड्या पडवीत दोरीवर टाकल्या की लवकर वाळतात, आणि डोंगराकडच्या गावांत हे लहानसहान सुख नव्हे.

शिकवायचं कशावर, हा प्रश्न आला तेव्हा मात्र मामीने आईची बाजू उचलली. कारण आईचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं.

मामी : पोरीला शिकवायचं तर जुनेरावरच शिकवू. ते काय पुण्य लागतं म्हणून नाय. जुन्या सुती लुगड्यातनं सुई सरसर जाते. कोऱ्या कापडाला खळ असते. चार थर झाले की सुई अडते, बोट सोलतं, आणि पोर दुसऱ्या दिवशी फिरकत नाय.

आई : म्हणजे शेवटी जुनेरच.

मामी : शिकायला. शिकल्यावर तिचं ती बघंल.

मामीचं हे म्हणणं मी पुढे तपासून पाहिलं आणि ते पुरेपूर खरं आहे. जुनं सुती कापड शेकडो वेळा पाण्यातून गेलेलं असतं. आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. नवं सुती कापड जुन्याला जोडलं आणि गोधडी धुतली, तर नवं आटतं, जुनं तसंच राहतं, आणि मध्ये फुगे येतात. म्हणून नवं वापरायचं तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. लाल आणि गडद निळा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा, फडक्याला रंग लागला तर तो पुन्हा धुवावा. जुनेराची परीक्षा वेगळी. कापड उजेडाकडे धरायचं, दोन अंगठ्यांनी ताणायचं. सूत चरचरलं तर ते आतल्या थराला, टिकलं तर वरच्या बाजूला.

आणि कापड कात्रीने कापायचं नाही, फाडायचं. फाडलं की ते सुताच्या रेषेत सरळ निघतं. नवशिक्याची कात्री तिरपी जाते, आणि तिरप्या कापलेल्या तुकड्याला ताण बसला की तो लांबतो. मग कितीही नीट शिवा, कोपरे जुळत नाहीत. पुण्यात क्विल्टिंगच्या वर्गांत यासाठी गोल पात्याचं कटर, खालची मॅट आणि पारदर्शक पट्टी वापरतात. ती साधनं चांगलीच आहेत. पण ज्याच्याकडे ती नाहीत त्याने थांबून राहावं असं काही नाही.

थर मांडणं हे शिवण्याहून जास्त विचाराचं काम आहे. आधी अस्तर पसरायचं, उलटी बाजू वर. ताणून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. मामी वरवंटा, खलबत्ता, पितळी तांब्या, जे हाताशी असेल ते ठेवते. त्यावर आतले थर. आतलं कापड फाटकं असलं तरी चालतं, पण दोन भोकं एकावर एक येता कामा नयेत. आली तर तिथे गोधडी पोकळ राहते, आणि थंडी नेमकी तिथून शिरते. तुकड्यांचे जोडही एकाखाली एक आले तर तिथे जाड कणा होतो आणि सुई मोडते. वर शेवटी चांगला थर. थर चार की सात, ते कापडाच्या जाडीवर आणि पांघरणाऱ्या माणसावर ठरतं. मग लांब टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. हे टाके शेवटी उसवायचे असतात, म्हणून त्यांचा दोरा वेगळ्या रंगाचा असावा.

टाचून झालं, आणि शिवण कुठून सुरू करायची यावर पुन्हा दोघी अडल्या.

आई : कडेनं. चारी बाजूंनी फिरत फिरत आत जायचं, चौकोनात चौकोन. आपल्याकडे असंच. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेनेच आत जातात. चारी कोपऱ्यांवर तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. इतक्या लांबच्या बायका एकाच वाटेने जातात, त्याला काही अर्थ असेल ना?

मामी : अर्थ आहे. आत कापूस नाय, हा अर्थ. नुसते कापडाचे थर असले, कडा धरल्या, की मधलं जागचं हलत नाय. शिवताना आपण गोधडीवरच बसतो, आपल्याच वजनानं ती ताणून राहते. पण आत कापूस घातला, नायतर ते दुकानातलं भरण घातलं, तर मधनं सुरू करायचं आणि कडेला जायचं. कडेनं गेलं तर सगळा फुगा मधे गोळा होतो.

आई : हे कुठे शिकलात?

मामी : फोनवर. सून लावून देती. परदेशातल्या बायका मधनं शिवतात. आधी वाटलं, ह्यांना येत नाय. मग कळलं, त्यांच्या आत कापूस आहे.

या उत्तरामुळे मला मामीबद्दल फार आदर वाटला. आईला रीत माहीत होती. रीतीमागचं कारण मामीला माहीत होतं, आणि म्हणून रीत कधी मोडायची हेही तिलाच ठाऊक होतं. हस्तकलेकडून कलेकडे जायची वाट असेल तर ती इथून जाते असं माझं मत आहे. रंगीत कापड किंवा अवघड नक्षी यांचा नंबर नंतर लागतो.

टाक्याबद्दल दोघींत मतभेद नव्हता, आणि तिथे त्या सारख्याच कडक होत्या. दोरा हातभर घ्यायचा, त्याहून लांब नाही. लांब दोरा गुंततो, आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने झिजतो. गाठ थरांच्या आत दडवायची. टाका साधा धावदोऱ्याचा, सुईवर तीन-चार टाके भरले की मग ओढायची. मामीचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा पडतो, वर जेवढा तेवढाच खाली. दोन ओळींत बोटभर अंतर. खालचा हात रिकामा नसतो. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं म्हणजे ती सगळ्या थरांतून गेली. वरच्या बोटाला अंगुस्तान हवं, खालच्या बोटाला नको, नाहीतर टोक कळत नाही. ते बोट काही दिवस दुखतं, मग घट्ट होतं.

मामी : दोरा ओढू नको, नुसता टेकव. ओढलास की चुणी पडंल.

आई : आणि सरळ ओळीसाठी रेघ मारू नकोस. आधीची ओळ धरून चाल.

मामी : मारू दे की रेघ. खडूची रेघ धुतली की जाती. तुम्ही शाळेत पोरांना दुरेघी वह्या देत नव्हता का?

मी रेघ मारली. पहिल्याच दिवशी ओळ वाकडी दिसली की शिकणाऱ्याचा जीव जातो, आणि खडू कुणाचं नुकसान करत नाही.

मशीनचा मुद्दा पटकन संपला. आईचं म्हणणं, मशीनवर शिवलेली गोधडी ताठ राहते, अंगाबरोबर वळत नाही. मामीचं म्हणणं, वरच्या बाजूचे तुकडे मशीनवर जोडावेत, थर हातानेच धरावेत, कारण घरगुती मशीनच्या पायाखाली सात थर जातच नाहीत. यात भांडण्यासारखं उरलं नाही.

धुण्याचा मुद्दा मात्र लांबला.

आई : गोधडीची परीक्षा घटस्थापनेच्या आधी होते. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. दगडावर आपटून, पिळून, उन्हात पडून जी टिकते ती गोधडी. भिंतीवर टांगली की ही परीक्षाच संपली. मग टाका ढिला आहे की घट्ट, कोण विचारणार?

मामी : आपटत कोण होतं, ताई? तुम्ही जुन्नरला होता. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाय. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. माझ्या कमरेला विचारा. एखादी गोधडी नदीवर न जाता राहिली, तर बरंच आहे.

इथे मी कुणाची बाजू घ्यावी? धुऊन टिकणं ही कारागिरीची कसोटी आहे, हे आईचं खरं. पण त्या कसोटीची किंमत मोजणारी बाई समोर बसलेली असताना तिला ती कसोटी सुंदर म्हणून सांगता येत नाही. गोधडीवर आज जे लिहिलं जातं त्यात माया आणि ऊब फार असते, कंबर जवळजवळ नसते.

वादाचं खरं मूळ म्हणजे मामीने नव्या कापडाची शिवलेली एक गोधडी. फार मोठी नाही, दोन हात रुंद आणि तीन हात लांब. निळे, करडे, शेवाळी पट्टे आडवे लावलेले, कुठे रुंद, कुठे चिंचोळे. खालच्या कडेला मातकट तपकिरी. मामीचं माहेर डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेलं. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावही त्याच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा जुनी देवळं उघडी पडतात. मामीने निळ्या पट्ट्यांवर निळ्याच दोऱ्याने घरं शिवली आहेत. समोरून बघितलं तर नुसतं पाणी दिसतं. बाजूने, तिरक्या उजेडात बघितलं की टाक्यांच्या खाचा उमटतात आणि भिंती, दारं, एक देऊळ, एक विहीर वर येते. तपकिरी पट्टीवर मात्र दोरा लाल आहे, तिथे सगळं स्पष्ट दिसतं.

आई : आता ही पांघरायची की बघायची?

मामी : बघायची. पांघरायला घरात आहेत की.

आई : मग टाके इतके जवळ कशाला? हिच्यात कुणी थंडी काढणार नाही.

मामी : जवळ नसते तर घरं उमटली नसती. थंडीसाठी घालायचा टाका आणि हा टाका एकच आहे. इतकी वर्षं घातला म्हणून तर आता असा घालता येतो.

आई : मला ही आवडते, वहिनी. पण मी हिला गोधडी म्हणणार नाही.

मामी : नका म्हणू.

मला ही गोधडीच वाटते, आणि त्यासाठी मला आधार अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सापडतो. तिथे नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या पँटी आणि शर्टांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीसाठीच. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये शिवणकामाची सहकारी संस्था काढली होती. १९७२ पासून तिला एका मोठ्या दुकान-कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवायचं काम मिळालं. उरलेले कोरे तुकडे बायका घरी नेऊ लागल्या. कॉर्डरॉय जाड, त्यात बारीक काम होत नाही, म्हणून मोठे आणि धीट आकार आले, आणि त्या कॉर्डरॉयच्या गोधड्या आज संग्रहालयांत आहेत. म्हणजे कापड नवं होतं, कटपीसच होतं. हात मात्र जुनेरावर तयार झालेला होता.

आपल्या देशातही हे घडलेलं आहे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी, दोन्ही जुन्या साड्या-धोतरांच्या थरांतून आल्या. आज दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि कांथाचा टाका कोऱ्या रेशमी साडीवर पडतो तेव्हा त्याला कुणी खोटा म्हणत नाही. हे मी सांगितलं तेव्हा आईने दुसरी बाजू काढली, आणि ती तितकीच खरी आहे.

आई : भिंतीवर लागल्यावर पैसे कुणाला मिळाले तेही सांग.

जीज बेंडच्या काही बायकांना २००७ मध्ये मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं, हे मी तिला सांगितलं.

आई : बघा, वहिनी.

मामी : ताई, आपल्याकडं कोर्टात जायला आधी पैसा तरी यावा लागंल. शिवनेरी बघायला, लेण्याद्रीला पाहुणे येतात, त्यातला एखादा इकडं चुकून येतो. गोधडी हातात घेतो, छान म्हणतो. किंमत सांगितली की म्हणतो, जुन्या कापडाला एवढे? म्हणून मी कोरं कापड घेते. कोऱ्या कापडाला असं कुणी म्हणत नाय.

जुन्नर तालुका २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाहुणे आले की हस्तकलेला बाजार मिळतो असं सगळेच म्हणतात. मामीचं हे एक वाक्य त्या सगळ्या चर्चेला पुरून उरतं. तिच्या नव्या कापडामागे हौस आहेच, पण व्यवहारही आहे. ग्राहक कापडाचा भाव करतो, टाक्याचा करत नाही.

आई : मग कापडाचा भाव लावूच नका. किती दुपारी बसलात ते मांडा आणि दुपारचा भाव लावा. शेतात खुरपायला गेलात तर जी मजुरी घेता तीच.

मामी : तेवढी कोण देणार?

आई : देणार नाही त्याला देऊ नका.

शिवणीचे तपशील सोडले, तर ही त्या दुपारची पहिली गोष्ट, जिच्यावर दोघी एकाच बाजूला होत्या. दुसरी गोष्ट लगेच आली, आणि ती आईच्या बाजूने.

आई : आणि नाव घाला गोधडीवर. तुमचं. गाव आणि साल घाला.

मामी : गोधडीवर नाव? घरातल्याला माहीत असतं की कुणी शिवली.

आई : जुन्नरच्या लेण्यांत दगडावर दात्यांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुरुडांच्या, कासारांच्या श्रेणींची नावं आहेत, त्यांनी काय दान दिलं ते कोरलेलं आहे. पोरांना मी दर वर्षी दाखवायला न्यायची. आमच्यासारख्या बायांचं काही का नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

मामी : आमच्यावेळी कुणाला सुचलं नाय.

आई : घरातल्याला माहीत असतं म्हणता, वहिनी. आपल्याच घरात ती गोधडी आईची म्हणून चालली. मी तिचं कौतुक सगळ्यांना सांगत राहिले.

मामीने यावर थोडा विचार केला.

मामी : बरं. घालते. पण मागल्या बाजूला. तोंडावर नको.

दोघींचं ऐकून मी ज्या निर्णयाला आले तो असा. नवशिक्याने पहिल्यांदा दुपटं शिवावं, मोठी गोधडी नको. घरातल्या जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं, दोन-तीन थरांचं. शिवण कडेनं आत, आणि सगळी हाताने. ते लवकर पुरं होतं, आणि मऊ जुनं कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला बोचत नाही. गाठी तेवढ्या आत राहिल्या पाहिजेत. घरात सुती जुनेर नसेल तर नात्यात, शेजारी विचारावं, कपाटाच्या तळाशी बहुतेक घरांत एखादं निघतं. नायलॉनवर शिकू नये. ओळी सरळ यायला लागल्या, चुण्या पडायच्या थांबल्या, की मग कोरं कापड, कापूस, मशीन, भिंत, जे मनात येईल ते करावं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागू नये. मामीने पुरी हयात त्या परवानगीची वाट पाहिली.

गोधडी विकत घेणाऱ्याने कापड जुनं की नवं हे नंतर विचारावं. आधी ती किती दिवस शिवली जात होती ते विचारावं आणि पैसे त्याचे द्यावेत.

आणि घरात जुनी गोधडी असेल तर ती कुणी शिवली हे आजच विचारा, एकीला नाही, दोघीतिघींना. कळलं की मागच्या बाजूला, कोपऱ्यात, तिचं नाव, गाव आणि साल धावदोऱ्याने घाला. त्याला एक दुपार पुरते.